मेंढपाळाच्या चित्राखालची खाट

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं वाचून कोणी मला फार भला माणूस समजायला नको. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात माझी सगळी नोकरी झाली. नवं थान आलं की मी आधी धागा ओढून पाहतो, मग कोपरा ओला करून रंग पाहतो, आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. माझी बायको शोभा म्हणते, "देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी हे आधी वास घेऊन पाहतीन." खोटं नाही ते.

मुलगी वैशाली शाळेत शिकवते. ती म्हणाली, "बाबा, लिहून काढा. ज्याच्या हातात आज रिपोर्ट पडला असन, त्याले कामी येईन." तिची अट एकच, लिहिताना 'मले' नको, 'मला' लिहा. बरं बाई. पण बोलणं मात्र जसं झालं तसंच ठेवतो.

तीन सोनोग्राफ्या

एका सकाळी लघवी लाल झाली. दुखत काहीच नव्हतं. मी बाहेर येऊन शोभाला विचारलं, "काल भाजीत काय टाकलं होतं वं?" पहिला संशय तिच्यावर. तिनं कोहळं टाकलं होतं. कोहळ्यानं काय लाल होते? चार दिवस मी कोणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी रक्ताच्या गुठळ्या पडल्या तेव्हा मात्र दवाखाना गाठला.

घराजवळ, प्रताप नगरातच सोनोग्राफी केली. डॉक्टर बिचारे सरळ बोलले. डाव्या किडनीत गाठ आहे, कॅन्सरची असू शकते, किडनीसकट काढावी लागेल. गाठ, कॅन्सर हे शब्द माझ्या कानावरून गेले. डोक्यात शिरलं ते एवढंच, की यांना माझी किडनी पाहिजे. अहो, किडनीचोरीच्या गोष्टी कोणी ऐकल्या नाहीत? माणूस हर्निया दाखवायला जाते आणि एक किडनी देऊन येते, हे मी किती वेळा चहाच्या टपरीवर ऐकलं होतं.

म्हणून मी दुसरी सोनोग्राफी बर्डीवर केली. घरी सांगितलं नाही. तिथंही गाठ. मग मला वाटलं, माझं नाव यांच्यात फिरत असेल. तिसऱ्या ठिकाणी मी नावच बदललं. माझ्या साळ्याचं नाव सांगितलं, सुरेश. सुरेशच्या डाव्या किडनीत तेवढीच गाठ निघाली.

तो रिपोर्ट मी शर्टाच्या खिशात विसरलो. कपडे धुताना तो शोभाच्या हाती लागला, आणि आपल्या भावाला कॅन्सर झाला म्हणून ती न्हाणीतच खाली बसून रडायला लागली. "अरे बाप्पा, माझ्या सुरेशले काय झालं!" शेजारच्या बाया धावत आल्या. तिला खरं सांगावं लागलं. सुरेशला काही नाही, हे ऐकून तिनं देवाचे आभार मानले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते असं: "तुमाले मरायचंच असन तं मरा. पण माझ्या भावाच्या नावानं नका मरू."

दवाखाना

मिशनचा जुना दवाखाना वैशालीनं शोधला. तिच्या शाळेतल्या एका बाईंच्या आईचं ऑपरेशन तिथं चांगलं झालं होतं. मी म्हटलं, "तिथं धर्म बदलवतात." वैशाली म्हणाली, "बाबा, तुमचा धर्म कोणता? शंका घेणं. तो कोणाच्या बापाले बदलवता येत नाही."

पुरुषांच्या वॉर्डात मला भिंतीकडची खाट मिळाली. खाटेच्या बरोब्बर वर एक चित्र होतं. दाढीवाला माणूस, पांढरा झगा, हातात काठी, खांद्यावर कोकरू, मागं मेंढ्या. खाली लिहिलं होतं, उत्तम मेंढपाळ. येणारेजाणारे त्याला हात जोडायचे, त्यात हिंदू पेशंटही असायचे.

आता एक सांगायला पाहिजे. मी धनगराच्या घरचा. वऱ्हाडात आमच्या मेंढ्या होत्या, आणि नऊ वर्षांचा होईपर्यंत मी बापामागं माळावर फिरलो आहे. त्यामुळं ते चित्र मी थान तपासावं तसं तपासलं. झगा पांढरा, म्हणजे हा माणूस मेंढ्यांत बसला नाही. कुत्रं नाही. घोंगडं नाही. मेंढ्यांच्या अंगाला एक काटा नाही. आणि खांद्यावरचं कोकरू धडधाकट. धनगर धडधाकट कोकरू कायले खांद्यावर घेईन? लंगडं असेल तर घेते, नाही तर गिऱ्हाईक आलं तर घेते.

रोज सकाळी सुनीता सिस्टर यायची आणि विचारायची, नाव काय, ऑपरेशन कोणत्या बाजूचं? दुपारी दुसरी सिस्टर येऊन तेच विचारायची. संध्याकाळी तिसरी. मी शोभाला म्हटलं, "पाय, यांनाच माहीत नाही कोणती बाजू. मले विचारून राहिले." मग मी परीक्षा घेतली. सुनीता सिस्टरला सांगितलं, "उजवी."

ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. तिनं फाईल पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पळत गेली. दहा मिनिटांत सर्जन, दोन शिकाऊ डॉक्टर आणि मेट्रनबाई माझ्या खाटेभोवती. फाईलीतले फोटो पुन्हा बाहेर काढून उजेडात धरले. मी म्हटलं, "डावीच आहे, मी पाहून राहिलो होतो तुमचं लक्ष आहे का." मेट्रनबाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा. म्हणाल्या, "काका, आमचं लक्ष आहे. तुमचं डोकं कुठी आहे?" सारा वॉर्ड हसला. वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो, असला शहाणपणा करू नका. ते विचारतात ते आपल्या भल्यासाठी.

पाळकसाहेब

संध्याकाळी चार वाजता एक म्हातारे गृहस्थ वॉर्डात यायचे. बारीक अंग, डोक्याला उन्हाचा दुपट्टा, हातात छोटी वही. चर्चचे रिटायर झालेले धर्मगुरू. त्यांच्यात त्यांना पाळक म्हणतात, म्हणून सगळे पाळकसाहेब म्हणायचे. प्रत्येक खाटेशी स्टूल ओढून बसायचे, जो हो म्हणेल त्याच्यासाठी प्रार्थना करायचे, नाही म्हणेल त्याच्याशी क्रिकेट बोलायचे.

मी शोभाला आधीच सांगून ठेवलं, "हाच तो. आज गोड बोलन, उद्या पुस्तक देईन, परवा पाण्यात बुडवन."

माझ्यापाशी आले तेव्हा मीच सुरुवात केली. "साहेब, तुमच्या त्या गोष्टीत एक मेंढी हरवते, आणि तो नव्याण्णव सोडून तिच्यामागं जाते. बरोबर?"

"बरोबर."

"मंग नव्याण्णवाजवळ कोण थांबलं?"

"तसं काही सांगितलेलं नाही."

"लांडगा आला तं? एका मेंढीपायी दहा जातीन. असा धनगर आमच्याकडं कोणी कामाले नसता ठेवला."

मला वाटलं चिडतील. त्यांनी वही काढली आणि लिहून घेतलं. मग विचारलं, "मेंढ्या खरंच आवाज ओळखतात का हो, देविदासभाऊ? मी चाळीस वर्षं हे लोकांना सांगत आलो, पण खरं सांगतो, मेंढीला मी कधी हातही लावला नाही."

"ओळखतात," मी म्हटलं. "दोन कळप एका ठिकाणी मिसळले तरी आपल्या माणसाच्या आवाजावर वेगळ्या निघतात." तेही त्यांनी लिहून घेतलं. ते गेल्यावर मी शोभाला म्हटलं, "लिहून काहून घेते हा माणूस? कोणाले दाखवते?" शोभा संत्री सोलत होती. म्हणाली, "तुमाले पोलिसात देते." आणि फोड माझ्या तोंडात कोंबली.

रोज मी वाट पाहायचो, आज पुस्तक काढेल. पुस्तक निघालं नाही. त्यानं माझा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. जो विकणारा घाई करत नाही तो सगळ्यात पक्का असते.

खूण

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन आले. मला कुशीवर वळवलं आणि निळ्या पेनानं डाव्या बाजूला बाण काढला.

"हे कायले?"

"चूक होऊ नये म्हणून. घाबरू नका," ते म्हणाले आणि पुढं गेले.

माझ्या अंगाला घाम सुटला. इथं दुसऱ्या कोणाला घाम सुटला नसता, हे मला कळते. पण आमच्याकडं खाटकाचा ट्रक यायचा त्या सकाळी माझा बाप गेरूची वाटी घेऊन कळपात शिरायचा. ज्या विकायच्या त्यांच्या पाठीवर एक एक पट्टा ओढायचा. खूण लागलेली मेंढी संध्याकाळी घरी नसते. हे मी चालायला लागलो तेव्हापासून पाहिलेलं.

शोभा खाली पाणी भरायला गेली होती. वैशाली फॉर्मवर सही करायच्या रांगेत होती. मी शर्ट-पँट चढवली, हाताला लावलेली सलाईनची सुई बाहीत लपवली आणि जिन्यानं खाली उतरून फाटकाबाहेर आलो. कोणी अडवलं नाही. माझ्यासारखा चोर असला की चौकीदारही साहेब समजून सलाम करते.

ऑटोची वाट पाहत लिंबाखाली उभा होतो, तर समोरून पाळकसाहेब. दुपट्ट्यात फक्त डोळे दिसत होते. त्यांची नजर माझ्या बाहीतून निघालेल्या नळीवर गेली.

"कुठं निघाले, देविदासभाऊ?"

"घरी."

मला वाटलं, आता हात धरतील. नाही धरला. लिंबाच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बसा ना, ऑटो येईस्तोवर."

मी बसलो आणि शर्ट वर करून त्यांना बाण दाखवला. "हे पाहा. गेरू." त्यांना काही समजलं नाही. मग मी ते सांगितलं जे शोभालाही कधी सांगितलं नव्हतं.

माझं एक कोकरू होतं, चांदी. कपाळावर पांढरा ठिपका. आई जन्मताच मेली, म्हणून शेळीच्या दुधात चिंधी बुडवून मी तिला पाजायचो. मोठी झाली तरी ती माझ्यामागं चालायची, आणि बाकीच्या मेंढ्या तिच्यामागं. एकदा खाटकाचा ट्रक आला, त्याला फळी लावली, पण खूण केलेल्या मेंढ्या चढेनात. आत अंधार होता. खाटीक वैतागला. बाप मला म्हणाला, "देवा, तू चढ. आतून आवाज दे." मी चढलो. "ये, चांदी, ये ये." ती टुणटुण करत आली. तिच्यामागं साऱ्या आल्या. बाजूच्या फटीतून बापानं मला खाली ओढलं आणि फळी काढली. चांदीच्या पाठीवर खूणही नव्हती. मी बोंबललो, पण खाटकाला घाई होती, आणि बाप म्हणाला, "गेली तं गेली." फळ्यांच्या मधून ती माझ्याकडे पाहत होती. मी रडत होतो आणि ती घाबरलेलीही नव्हती. मी आहे म्हटल्यावर सगळं ठीकच असणार, असं तिला वाटत होतं.

"माझा बाप वाईट नव्हता," मी पाळकसाहेबांना म्हटलं. "पावसात स्वतःचं घोंगडं कोकरावर टाकून भिजत बसायचा. त्याचं प्रेमही खरं होतं अन् ट्रकही खरा होता. म्हणून कोणी मायेनं बोललं की मी आधी पाहतो, ट्रक कुठी उभा आहे."

ऑटो आला. ड्रायव्हरनं विचारलं, "कहाँ जाना है, काका?" मी ओट्यावरून उठलो नाही. तो निघून गेला.

पाळकसाहेब म्हणाले, "त्या चित्रातल्या माणसाबद्दल आम्ही एक गोष्ट वेगळी सांगतो. आमच्या गोष्टीत शेवटी ट्रकमध्ये मेंढपाळच चढतो. मेंढ्या खाली राहतात."

"असं कोणता धनगर करन?"

"कोणीच नाही करत. म्हणून तर लोकांना खरं वाटत नाही."

"तुमाले वाटते?"

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "सकाळी वाटते. संध्याकाळपर्यंत टिकतेच असं नाही."

एवढं खरं मला इतक्या दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं. मला भीती लपवता येईना. मी म्हटलं, "मंग तुमी चढा. माझ्यासंग आत चला. दारापर्यंत सोडणारे मले नको. आत."

त्यांचा चेहरा उतरला. "भाऊ, मला रक्त पाहून चक्कर येते."

"मंग राहू द्या."

ते उठले, झगडून आल्यासारखे दोन पावलं गेले, परत वळले. "विचारून पाहतो."

मी ओट्यावर बसून राहिलो. तेवढ्यात शोभा धापा टाकत फाटकातून आली, अनवाणी, हातात पाण्याची बाटली. मला वाटलं मारते आता. ती शेजारी बसली आणि माझ्या शर्टाची वरखाली लागलेली बटनं काढून नीट लावायला लागली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मरणार मी असलो तरी मागं राहायचं तिला आहे.

आत

परवानगी मिळाली. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी काय विचार केला असेल देव जाणे. कदाचित हा पेशंट पुन्हा पळू नये एवढाच.

टेबलावर निजवलं तेव्हा पाळकसाहेब हिरवा गाऊन आणि वाकडी टोपी घालून डोक्याशी उभे होते. सर्जननं डोळे मिटले आणि प्रार्थना केली. माझ्या मनात लगेच आलं, ज्याचा हात पक्का त्याला प्रार्थना कायले लागते? मग वाटलं, मी चौतीस वर्षं कात्री चालवायच्या आधी एकदा थांबतोच की. पाळकसाहेबांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा माझ्याहून जास्त ओला होता.

"बाहेर नका जाऊ," मी म्हटलं.

"नाही जात."

नाकावर मास्क आला आणि पुढचं मला माहीत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात काटे, पोटात आग, नाकात नळी. शोभा वाकून म्हणाली, "झालं. सगळं झालं." आमच्याकडे काढलेला अवयव घरच्यांना दाखवतात. सर्जननं ट्रे बाहेर आणून दाखवला होता. शोभा म्हणाली, "मी पाहिली तुमची किडनी. गाठ मोठ्या लिंबाएवढी होती. आता तरी विश्वास बसला का?" मी विचारलं, "माझीच होती कशावरून?" ती हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी बोलता आलं तसं मी चौकशी सुरू केली. पाळकसाहेब खरंच आत थांबले का? शिकाऊ डॉक्टरला विचारलं, वॉर्डबॉयला विचारलं, सुनीता सिस्टरला विचारलं. तिघांना वेगवेगळं गाठून. तिघांनी एकच सांगितलं. चाकू टेकायच्या आधीच ते चक्कर येऊन खाली बसले. मग ऑपरेशनच्या खोलीला लागूनच हात धुवायची खोली आहे, तिथं त्यांना बाकावर निजवलं. बाहेर नेत होते तर म्हणाले, मी शब्द दिला आहे. तीन तास ते तिथं पडून होते. उभे नव्हते, आडवे होते, पण आत होते.

पुढचे दिवस कठीण गेले. खोकला आला की टाके फाटतील असं वाटायचं. सिस्टरनं शिकवलं, पोटावर उशी दाबून खोकायचं, हे लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. पहिल्यांदा स्वतःच्या पायानं संडासापर्यंत गेलो तर शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसानं टाळ्या वाजवल्या. दूध न घातलेला पहिला चहा अमृतासारखा लागला. माणूस केवढ्याशा गोष्टीवर जगते बाप्पा.

तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सर होता. किडनीच्या बाहेर गेला नव्हता. ज्या दिवशी मी लिंबाखाली ऑटो थांबवणार होतो, त्या दिवशी गेलो असतो तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. ते मी इथं लिहीत नाही. फक्त एवढंच म्हणतो, पळू नका.

नंतर

तीन महिन्यांनी तपासणीचा फोटो काढायला गेलो. स्वच्छ निघाला. मी दोनदा नाव तपासून घेतलं. पाळकसाहेब ओट्यावरच भेटले. मी टपरीवरून दोन चहा आणले, आणि इतके दिवस गिळत होतो ते विचारलं.

"साहेब, तुमी मले एकदाही चर्चमध्ये या नाही म्हटलं. पुस्तक नाही दिलं. काहून?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आधी म्हणणार होतो. खोटं कशाला बोलू. मग तुम्ही त्या कोकराचं सांगितलं. तेव्हापासून कोणाला 'या' म्हणताना माझी जीभ अडते. चाळीस वर्षं लोकांना हाक मारली. ते आले. त्यांच्यापुढं काय होतं, हे मी तरी कुठं पाहिलं होतं?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेत आलो, पण स्वतःच्या हाकेवर संशय घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या घडीला ते 'या' म्हणाले असते तर मी गेलो असतो, हे अगदी खरं सांगतो. ते म्हणाले नाहीत.

ऊन चढत होतं. मी स्कूटर काढली आणि म्हटलं, "बसा मागं. बर्डीपर्यंत सोडतो तुमाले."

ते उठले, दुपट्टा बांधला, स्कूटरभोवती एक चक्कर मारली आणि मागचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "गाडी हळू चालवता ना, भाऊ?"

"हाव," मी म्हटलं, "पण तुमी घट्ट धरा."

आणि ते बसले.